मी चांगलं म्हटलेलं एकमेव पुस्तक

सत्तरच्या दशकात मी भिवंडीजवळच्या नारपोलीतल्या एका लूमच्या कारखान्यात कापड तपासायचं काम करत होतो. तागा फळीवर ओढायचा, कुठे धागा तुटलाय, कुठे तेलाचा डाग पडलाय ते बघायचं आणि खडूने खूण करायची. दिवसभर चुका शोधणाऱ्या माणसाचा स्वभाव जसा होतो तसाच माझा झाला होता. फरक एवढाच, की मी घरी जाऊन बायकोशी भांडत नव्हतो, पुस्तकांशी भांडत होतो.

पुस्तकं म्हणजे रहस्यकथा, भयकथा, साहसकथा आणि तेव्हा नव्यानेच येऊ लागलेल्या विज्ञानकथा. बाजारातल्या वाचनालयातून आठवड्याला तीन आणायचो आणि तिन्ही वाचून लेखकांच्या नावाने बोटं मोडायचो. मुखपृष्ठावर 'रक्त गोठवणारी' असं छापलेलं असायचं. माझं रक्त कधी गोठलं नाही, जांभया मात्र भरपूर आल्या. विज्ञानकथेतला माणूस मंगळावर पोचायचा, जेवणाऐवजी गोळी खायचा आणि त्याची बायको तिथेही पदर खोचून चहा टाकायची. भयकथेत अमावास्येला कडी वाजली की घरातला सगळ्यात भित्रा माणूस दार उघडायला जायचा. रहस्यकथेत खून कुणाचाही होवो, गुप्तहेर शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून व्याख्यान द्यायचा आणि खुनीसुद्धा शहाण्या मुलासारखा ते पूर्ण ऐकून घ्यायचा.

त्यातच या लेखकांना एक नवीन उमाळा आला. आतापर्यंत ज्यांना कथेत कुणी उभं केलं नव्हतं त्यांना आता घ्यायचं. मग गोदीतला हमाल आला, कोळी आला, मुसलमान कारागीर आला, आदिवासी आला. आले खरे, पण काय अवतारात! हमाल पिळदार आणि मंदबुद्धी. कोळीण प्रत्येक वाक्याला कमरेवर हात ठेवणार. मुसलमान पात्र एकतर सुरा घेऊन यायचं नाहीतर नायकासाठी छातीवर गोळी झेलायचं, मधलं काही त्याला जमतच नव्हतं. आमच्या कारखान्यात आझमगडकडचे पन्नासेक विणकर होते. त्यातल्या एकाला मी असलं एक पात्र हिंदीत समजावून सांगितलं. तो म्हणाला, "ये आदमी ड्युटी पे कब जाता है?" लेखकाला हा प्रश्न पडलाच नव्हता.

तेव्हा भरदिवसा लाइट जायची. लूम थांबले की कानात एकदम पोकळी व्हायची आणि मग सगळे माझ्याभोवती जमायचे. मी आठवड्यातलं एखादं पुस्तक सांगायला घ्यायचो. सांगायचो कसला, सोलून काढायचो. खुनी कोण ते आधीच फोडायचो, मग लेखकाच्या अकलेचे वाभाडे. लोक पोट धरून हसायचे आणि मला वाटायचं, भिवंडीत साहित्य कळतं ते आपल्यालाच.

त्या घोळक्यात कांड्या भरणारी एक बाई असायची. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची गुंडाळी. ती भरायचं काम बायका करत. ही अंबाडी गावाच्या पुढच्या एका पाड्यावरची, वारली. नवरा तागे ट्रकवर चढवायला होता. चौथी झाली होती म्हणे, पण त्याला पंधरा वर्षं उलटली होती. भजी बांधून आलेला कागद ती सरळ करून ओठ हलवत वाचायची, एवढंच तिचं वाचन. माझ्या गोष्टींना बाकीचे हसायचे तेव्हा ती हसायची नाही. एकदा म्हणाली, "मास्तर, तुमी सगल्यांना शिव्या देता. मना एकदा आख्खा पुस्तक वाचून बघायचा हाय. दुसऱ्यानं सांगितलेला आयकून कंटाला आला." मी मास्तर नव्हतो, पण पुस्तक हातात असलेल्या प्रत्येकाला ती मास्तरच म्हणायची.

मला मोठा आनंद झाला. शिष्या मिळाली असंच वाटलं. एका शुक्रवारी, लूमची सुट्टी होती तेव्हा, तिला वाचनालयात घेऊन गेलो. मालकांनी तिच्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. कारखान्यातली माणसं पुस्तक नेतात आणि पानं फाडून चूल पेटवतात, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून कारखान्यातल्या नव्या सभासदासाठी त्यांनी स्वतःचा एक नियम काढला होता. पहिलं पुस्तक आठ दिवसांसाठी न्यायचं आणि परत करताना त्यात काय आहे ते टेबलापुढे उभं राहून सांगायचं. सांगता आलं तर कार्ड, नाहीतर परत यायचं नाही. शाळामास्तरला किंवा कोर्टातल्या कारकुनाला हा नियम नव्हता. मलाही पूर्वी सांगावं लागलं होतं, आणि मी तेव्हाच लेखकाच्या तीन चुका दाखवल्या होत्या.

पुस्तक निवडायचं मी माझ्याकडे घेतलं. त्या वर्षी मी एकाच पुस्तकाला चांगलं म्हटलं होतं. जंगलातली साहसकथा होती, आदिवासींवरची. मी तिला म्हटलं, "हे ने. यात तुमच्याकडचीच माणसं आहेत. सगळं खरं आहे." तिने फडताळावरच्या दुसऱ्या एका पुस्तकाकडे बोट केलं. थंड हवेच्या ठिकाणचा बंगला, खून, बाहेर धुकं. मागच्याच आठवड्यात लाइट गेली तेव्हा मी ते सोलून काढलं होतं. मी म्हटलं, "ते भिकार आहे, हात लावू नकोस." तिने हात मागे घेतला.

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी फारशी बोलली नाही. मी विचारायचो, "किती झालं?" ती म्हणायची, "हाय चालू." मला वाटलं, अडकली. जोडाक्षरं जड जात असणार.

शुक्रवारी दुपारी पुस्तक कोऱ्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ती आली. वाचनालयात पाच-सहा माणसं पेपर चाळत बसली होती. मालकांनी पानं मोजल्यासारखी चाळली, एकही फाटलेलं नाही म्हणून जरा नाराजही झाले. मग म्हणाले, "हं, सांग बाई. काय आहे यात?"

ती खाली बघत राहिली. मालकांनी दोनदा विचारलं. पेपरवाल्यांनी माना वर केल्या. मला तिची कीव आली. आपण ओळख दिली म्हणून थोडी स्वतःचीही लाज वाटली. मी पुढे होऊन म्हटलं, "जाऊ द्या मालक. जमलं नाही तिला."

तेव्हा तिने मान वर केली आणि मालकांकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"दोनदा वाचला मी," ती म्हणाली. "शहरातला सायेब जंगलात येतो. त्याला साप चावतो. पाड्यावरची पोरगी तोंडानं इख वढते नि त्याला वाचवते. सायेब बरा होतो नि ती मरते. मरताना हासते. जालं."

कुणीतरी मागे खुदकन हसलं. ती थांबली नाही.

"आमच्यात साप चावला तर भगताला बोलावतात, न्हाय तर डोलीत घालून दवाखान्यात नेतात. सायबासाठी मरायला कोनाला येल हाय? भाताची आवनी कोन करील तिची? नि आंगावर तिच्या कापड बी न्हाय लिवलेला, ते मी इतं सांगनार नव्हती. आख्ख्या पुस्तकात ती एकदा बी बोलत न्हाय. डोल्यांनी बोलते म्हनं. तो साप तरी फुसकारतो."

मला ते पान आठवलं. पौर्णिमा, झरा, ती पोरगी झऱ्यात उतरलेली. मला ते फार सुंदर वाटलं होतं, मी ते बायकोला वाचूनसुद्धा दाखवलं होतं. हमालाच्या मंदबुद्धीवर, कोळिणीच्या कमरेवर मी तोंडसुख घेतलं होतं आणि ही बाई आठ-आठ तास माझ्यापासून चार हातांवर कांड्या भरत असताना त्या झऱ्याला खरं म्हटलं होतं. तोंड कुठे लपवावं ते कळेना. त्या लेखकाला आजही मी माफ केलेलं नाही, पण त्या दिवशी सगळ्यात जास्त तिटकारा मला माझाच आला.

मालकांनी मुकाट्याने नवं कार्ड काढलं, तिचं नाव विचारून लिहिलं आणि शिक्का मारला. तिने कार्ड उलटसुलट करून बघितलं, ब्लाउजमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "तो बंगल्याचा द्या. धुकावाला."

माझ्याने राहवलं नाही. खोड जात नाही माणसाची. मी म्हटलं, "अगं, ते भिकार आहे. आणि खुनी डॉक्टर आहे हे मी सांगितलंय ना तुला! आता काय वाचणार त्यात?"

ती कापडाच्या तुकड्यात ते नवं पुस्तक बांधत होती. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "तुमी सांगितला. पन तुमी सांगता ते खरा कशावरून?"

आणि मला नमस्कार करून ती पायऱ्या उतरून गेली.