शेवटच्या चारीवरचे तात्या

भगवानतात्या कुणाच्याही घरी गेले, तरी ओट्याच्या कडेला टेकत आणि एक पाय खाली वहाणेतच ठेवत. दुसरा वर मांडी घातलेला. म्हणजे अर्धे तात्या पाहुणे आणि अर्धे निघालेले. चहा बशीत ओतायच्या आधी उठून रस्त्यापर्यंत जात, दोन्ही बाजूंना बघत आणि परत येत. काय बघता, असं मी एकदा विचारलं. "काय न्हाय, मास्तर," ते म्हणाले. "पन काय असलं तर?"

या भीतीला कारण होतं. नीरेचा डावा कालवा दमूनभागून इंदापूर तालुक्यात जिथं संपतो, तिथल्या शेवटच्या चारीवरचं, म्हणजे कालव्यातून फुटलेल्या पाटावरचं, शेवटचं रान तात्यांचं. कांदा आणि वांगी. वरच्या गावांचे ऊस पिऊन तृप्त झाले की उरलेलं पाणी यांच्याकडं यायचं. "वरच्यांची अंगुळ झाली की आमाला चूळ भराया मिळती," असं ते म्हणत. पाण्याची पाळी जवळ आली की त्यांचं जेवण तुटायचं. चारीच्या तोंडाशी जाऊन ते कोरड्या मातीकडं असे बघत बसायचे, जसं काही त्यांच्या बघण्यानंच तिला पाझर फुटणार होता.

ही गोष्ट तिशीच्या दशकातली. मी त्या गावात नवा शाळामास्तर होतो आणि तात्या लोकल बोर्डाचे सभासद. बोर्डात ठराव आला, की पंधरा बागाईतदारांना सरकारी खर्चानं सहलीला न्यावं. वीरचा बंधारा आणि शेतकी खात्याचा मळा दाखवावा, म्हणजे त्यांच्या ज्ञानात भर पडेल. तात्यांनी कडाडून विरोध केला. ऊस हितंबी उभाच असतो आणि तितंबी उभाच असतो, मग लोकांच्या पैशानं तो बघायला कशाला जायचं, हा त्यांचा सवाल. अध्यक्ष वस्ताद निघाले. ते म्हणाले, तात्यांनीच म्होरक्या होऊन जावं आणि परत येऊन सहल कामाची की नाही ते सांगावं. ते नको म्हणाले तर पुन्हा सहल नाही. तात्या स्वतःच्याच सापळ्यात अडकले. अहवाल लिहायला माझी नेमणूक झाली.

त्यातल्या त्यात दिलासा हा, की कालवा दुरुस्तीसाठी बंद होता आणि आठ दिवस पाणी सुटणार नव्हतं. तरी तात्यांचं मन मानेना. पाण्याचा पास हातात असल्याशिवाय पाटकरी चारीचं दार उघडत नसे. घरी पास उंदरांनी खाल्ले तर? पोरांनी फाडले तर? म्हणून निघताना त्यांनी आख्ख्या चारीचे पास गोळा केले, धडप्यात गुंडाळले आणि फेट्यात खोवले. आता काळजी मिटली, असं ते तीनदा म्हणाले, तेव्हाच मला धाकधूक वाटायला हवी होती.

सहलीत बाकीचे मजेत होते. केळीचे बागाईतदार दस्तगीरभाई मोटारीत भेळ वाटत होते. तात्या मात्र कालवा दिसला की मोटार थांबवायला लावत, तळाला उतरून मातीला हात लावत आणि कोरडी आहे बघून खुशीत वर येत. "बायकू म्हायेराला गेल्यावर एवढं म्हागं वळून कुनी बगत न्हाय, तात्या," असं दस्तगीरभाई म्हणाले तेव्हा सगळी मोटार हसली. तात्या हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही बंधाऱ्यावर पोचलो आणि आमच्या डोळ्यांदेखत कालव्याची दारं उचलली गेली. दुरुस्ती लवकर उरकली होती. पाणी धावत सुटलं. सगळे "वा, वा" करत होते आणि तात्यांचा हात फेट्याकडं गेला. त्यांचा चेहरा चुनकळीसारखा पांढरा. पाणी गावाकडं निघालं होतं आणि पास इथं.

आमच्या गावी पाणी कधी पोचेल, हे त्यांनी दारवानाला विचारलं. त्यानं गावाचं नावही ऐकलं नव्हतं.

बाकीच्यांना मळा बघायला पाठवून आम्ही दोघं निघालो. नीरा गावापर्यंत पायी, कालव्याच्या काठाकाठानं. तात्या पुढं आणि तोंडानं अखंड हिशोब, की पाणी इथं असेल, तिथं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हिस मोटार मिळाली. वडगाव निंबाळकरला इंजिन तापलं म्हणून ती थांबली, तर पाणी आमच्याआधीच तिथं हजर. एक बागाईतदार बांधावर बिडी ओढत होता आणि त्याच्या उसातलं पाणी वाहून ओढ्याला चाललं होतं. तात्या मोटारीतून उतरून बांधाकडं धावले. "आवं पाव्हनं, बारं मोडून पानी बंद करा की. फुडं आमी हाय."

त्यानं खरंखुरं आश्चर्य वाटून विचारलं, "फुडं मान्सं हायती व्हय? मला वाटलं, पाट कुटंतरी नदीला मिळत आसंल."

त्याच्या बोलण्यात जराही खोट नव्हती. तात्या मोटारीत येऊन बसले.

संध्याकाळी आम्ही गावात पोचलो. पाणी आलं दोन दिवसांनी, करंगळीएवढ्या धारेनं. पास वेळेवर हजर होते, सगळ्यांची पाळी झाली. फक्त शेवटच्या रानापर्यंत ओल गेली नाही. तात्यांचा निम्मा कांदा वाळला.

बोर्डाच्या सभेत मी धास्तावलो होतो. आता तात्या सहलीची होळी करणार. ते उभे राहिले, कांद्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. "आमाला न्हेलं त्यो खर्च वाया गेला," ते म्हणाले. "वरनं पानी येतंय हे आमाला ठावंच हुतं. आता वरच्या मान्सांना आमच्याकडं आना. बोर्डाच्याच खर्चानं."

सभा हसली, पण ठराव मंजूर झाला. पुढच्या उन्हाळ्यात वडगावकडचे पंधराजण आले, त्यात तो बिडीवालाही होता. तात्यांनी पिठलं-भाकरी वाढली आणि पाळीच्या दिवशी सगळ्यांना चारीच्या तोंडाशी नेऊन बसवलं. दाखवायला काहीच नव्हतं. कोरडी चारी आणि ऊन. पहिला तासभर पाहुण्यांनी थट्टा केली. मग गप्पा आटल्या. दुपार कलली तसा बिडीवाला उठून वरच्या वळणापर्यंत जाऊन आला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याच्या हातातली बिडी विझलेली होती.

"तात्या," त्यानं हळू आवाजात विचारलं, "येतंय ना वो पानी?"

तात्या माझ्याकडं वळले. "ल्ह्या, मास्तर," ते म्हणाले, "सहल झाली."