उस्तादांनी मागितलेली झोप

उस्ताद रागावले की त्यांचा आवाज खाली यायचा. राग जितका मोठा, तितका आवाज लहान. समोरच्याला शेवटी कान पुढं करावा लागे, आणि एकदा कान पुढं केला की त्याची सुटका नसे. नाशिकहून सटाण्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर ते ड्रायव्हर होते. एकदा पिंपळगावला ते चाकं तपासायला खाली उतरले, तेव्हा पुढच्या सीटवरचे एक अंमलदार घड्याळ काढून ओरडायला लागले. उस्ताद त्यांच्याजवळ गेले आणि जवळजवळ कुजबुजले, "साहेब, उतरायचं तर इथं उतरा. पुढं घाट आहे. तिथं आपल्या मर्जीनं उतरता येत नाही." साहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं, ते सटाणा येईपर्यंत काढलं नाही.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. नाशकात भद्रकालीतल्या मोटारअड्ड्यावरच्या निम्म्या ड्रायव्हरांना गाडी त्यांनीच शिकवलेली होती, म्हणून हिंदू-मुसलमान सगळेच त्यांना उस्ताद म्हणत. मी तेव्हा नुकताच वकील झालो होतो. अशील कमी आणि रिकामा वेळ फार. एका सकाळी उस्ताद सात-आठ ड्रायव्हरांना घेऊन माझ्या खोलीवर आले. म्हणाले, "वकीलसाहेब, आम्ही युनियन केलीय. मालकाला अर्ज द्यायचाय, चांगल्या इंग्रजीत. पण आधी आम्हाला मराठीत वाचून दाखवा. आम्ही हो म्हटलं, तरच पाठवा."

अर्जात पगाराचा शब्दही नव्हता. दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त गाडी चालवायला लावू नये, आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती द्यावी, आणि ड्रायव्हरनं नादुरुस्त म्हटलेली गाडी घाटात पाठवू नये. एवढ्या तीनच गोष्टी, पण लेखी कराराने. "तोंडी काही नको," उस्ताद म्हणाले. "तोंडी आम्हाला खूप मिळालंय."

मालकाला सगळे शेठ म्हणत. त्या माणसाच्या गोडपणाचा मला आजही संताप येतो. त्यानं आम्हाला एकदाही नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. पहिल्या बैठकीत तो म्हणाला, "मागण्या रास्तच आहेत. मुंबईचे बंधू आले की सही करू." बंधू यायला दोन महिने लागले. मग बंधूंना कागद नीट वाचायचा होता. मग त्यांचे सॉलिसिटर आजारी पडले. मग लग्नसराई आली, आणि शेठ हात जोडून म्हणाला, "एवढा हंगाम जाऊ द्या." हंगामात गाड्यांच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. ड्रायव्हर पहाटे निघत ते दुसऱ्या दिवशी घरी येत, आणि अंघोळ करून पुन्हा अड्ड्यावर.

त्यानंतरच्या तीन बैठका कराराच्या मराठी प्रतीतल्या 'विश्रांती' या एका शब्दावर गेल्या. शेठच्या कारकुनाचं म्हणणं, विश्रांती लिहिलं तर तो हक्क होतो. त्याजागी 'सवड' लिहावं. मी बावळटासारखा कोश काढून बसलो आणि दोन्ही शब्दांतला फरक समजावून देऊ लागलो. उस्ताद मागं उभे होते. त्या कचेरीत ते कधी खुर्चीवर बसले नाहीत. बाहेर आल्यावर मला त्यांचं बोलणं ऐकायला थांबावं लागलं. "झोपेला दुसरा शब्द शोधायला यांना तीन महिने लागले, वकीलसाहेब. आणि तुम्ही शोधून देताय."

ड्रायव्हरांत दगडू म्हणून चांदवडकडचा एक होता. उस्तादांचा सगळ्यात लाडका चेला. एका सभेत तो हसत हसत म्हणाला, "उस्ताद, मला आताशा गाडी चालवताना सपान पडतंय. लय ग्वाड सपान. रस्ता दिसतो, पण त्यो आमच्या मळ्याकडं जातो." सगळे हसले. उस्ताद हसले नाहीत. त्याच सभेत त्यांनी ठराव मांडला: उद्यापासून गाड्या बंद.

मी उठलो. मला आठवतं, मी फार छान बोललो. बोलणी शेवटाला आली आहेत, आता संप केला तर मालकाला सबब मिळेल, कायद्याच्या नजरेत आपली बाजू स्वच्छ राहिली पाहिजे, आणखी एकच महिना धीर धरा. उस्ताद माझ्याकडे बघत राहिले. मग सगळ्यांना म्हणाले, "वकीलसाहेब शिकलेले आहेत. एक महिना थांबू."

अठराव्या दिवशी भरदुपारी भावडबारीच्या घाटात दगडूची मोटार कठड्यावर गेली. झोपेविना सलग तिसरा दिवस होता त्याचा. उतारू खरचटण्यावर निभावले. दगडू स्टीअरिंग आणि दगडी कठडा यांच्यामध्ये सापडला, जागीच गेला. मागून येणाऱ्या मोटारीवर उस्तादच होते. त्यांनीच त्याला बाहेर काढलं, आपल्या गाडीत घातलं आणि चांदवडला त्याच्या घरी पोचवलं. दगडूची आई दारात आली आणि विचारती झाली, "आज लवकर कसा आला?"

हे मला उस्तादांनी सांगितलं नाही, त्यांच्या क्लीनरनं सांगितलं. उस्ताद माझ्याकडे आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली मोटार अड्ड्याच्या फाटकात आडवी लावली, इंजिन फिरवायचं हँडल काढून मांडीवर घेतलं आणि आत बसून राहिले. एकही गाडी बाहेर पडेना. पोलीस आले. फौजदारानं दरडावलं, "गाडी काढ!" उस्ताद काहीतरी बोलले. फौजदार पायरीवर चढून वाकला, "काय म्हणालास?" तेव्हा ते म्हणाले, "ही गाडी नादुरुस्त आहे. ड्रायव्हरची झोप झालेली नाही." फौजदारानं त्यांना ओढून खाली उतरवलं, चौकीवर नेलं. तशी दुसऱ्या ड्रायव्हरनं येऊन त्यांच्या जागी बसकण मारली. त्याला नेलं, तर तिसरा येऊन बसला.

चौथ्या दिवशी शेठनं मला बोलावलं. करार टेबलावर तयार होता. दहा तास, आठवड्याची सुट्टी, गाडीची अट; सगळं जसंच्या तसं. शब्दसुद्धा विश्रांतीच. वर्षभर ज्याला वेळ सापडत नव्हता, ते एका दुपारीत टाइप होऊन आलं होतं. खाली फक्त एक कलम जास्त होतं: उस्तादांना कामावरून कमी करण्यात येईल. "शिस्तीचा प्रश्न आहे," शेठ गोड आवाजात म्हणाला.

मी तो कागद घेऊन उस्तादांच्या घरी गेलो. ते चौकीवरून सुटून आले होते, अंगणात बाजेवर बसले होते. डावा खांदा सुजला होता. मी मराठी प्रत वाचून दाखवली. शेवटचं कलम वाचून मी कागद मिटला. म्हणालो, "हे मान्य करायचं नाही, उस्ताद. आपण आणखी बोलणी करू."

ते इतक्या हळू बोलले की मला खाली वाकावं लागलं. "आणखी बोलणी केली, तर आणखी कोण जाईल, ते सांगा. नाव सांगा, वकीलसाहेब."

त्यांनी दुसऱ्या दिवशी सभा बोलावली. पोरं रडत होती, कुणी सही करायला तयार होईना. उस्तादांनी एकेकाच्या हातात टाक दिला आणि सह्या घेतल्या.

जिल्ह्यात त्यांना पुन्हा कुणी मोटार दिली नाही. महिन्याभरात ते बिऱ्हाड हलवून इंदूरकडे निघाले. मी स्टेशनवर गेलो. बायकोला आणि सामानाला डब्यात बसवून ते खाली आले. माफी मागायची मी मनात जुळवाजुळव करत होतो. त्यांनी ती करू दिली नाही. माझा हात धरून म्हणाले, "तुम्ही वाईट माणूस नाही. तुम्हाला फक्त घाई नव्हती."

गाडी गेली. नंतर त्यांचं पत्र नाही, निरोप नाही. पुढं काही वर्षांनी मोटारचालकांच्या तासांचा सरकारी कायदा आला, तेव्हा त्याचं पुस्तक मी पहिल्याच आठवड्यात आणलं आणि ते कलम उभ्यानं वाचलं. एवढंसं कलम. लिहायला अर्धा तासही लागला नसेल. मी पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. मला तिला दगडूच्या आईचं सांगायचं होतं, पण मी पुस्तक उचललं आणि तिला ते कलमच मराठीत वाचून दाखवलं.