बीअरसाठी भिजवलेले गहू

परभणीत एकट्या माणसाला खोली सहजासहजी मिळत नाही, हे मला चौथ्या घरी समजलं. तोवर वाटत होतं, माझ्याच बोलण्यात काहीतरी चुकतंय. मी तळकोकणातला. आठवीत शाळा सोडली, मग कोल्हापूरला हॉटेलात, मग पुण्यात, आणि तिथलं सगळं बंद पडल्यावर इथं, मोसंबीचा रस काढून बाटल्यांत भरणाऱ्या एका लहान कारखान्यात. जवळच्याच पिंगळी गावात एक निवृत्त शिक्षिका वरची खोली देतात असं कारखान्यातल्या एकानं सांगितलं, म्हणून गेलो.

सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. मीही बाईच म्हणतो. शाळा सुटल्यावर पुन्हा कुणाला बाई म्हणायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. पहिले काही महिने त्या समोर आल्या की माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या गुंडीकडे जायचा.

बाईंनी पहिल्या दिवशी माझं आडनाव विचारलं नाही. एवढंच विचारलं, "पंचशील माहीत हाय का?"

मी म्हणालो, ऐकलंय.

"मी रोज सकाळी म्हणते. त्यातलं पाचवं दारूचं हाय. ती माझ्या घरात येत न्हाई, आन् पिऊन बी कुणी येत न्हाई. बाकी तू काय खातोस, कवा येतोस, त्याची मला फिकीर न्हाई."

मी पीत नाही, असं मी सांगितलं. ते खरं होतं. जे सांगितलं नाही ते असं की पुण्यात सहा वर्षं मी ती बनवत होतो.

तिथं एका हॉटेलात काचेमागे मोठाल्या टाक्या होत्या आणि गिऱ्हाइकांसमोर बीअर तयार व्हायची. मला टाक्या धुवायला ठेवलं होतं. बीअर बनवणं म्हणजे पाऊण काम धुण्याचंच असतं. मी कोपरे सोडत नाही हे तिथल्या वस्तादांनी पाहिलं आणि हळूहळू पुढचं शिकवलं. उन्हाळ्यात ते एक हलकी बीअर काढायचे. गव्हाची, जराशी गढूळ, संत्र्यामोसंबीच्या सालीचा वास असलेली. तिसऱ्या वर्षापासून ती माझ्या एकट्याच्या हवाली झाली. मी फक्त चाखायचो, तेही चमचाभर. पण शाळेतलं इंग्रजी अर्ध्यात राहिलं, भूमिती अर्ध्यात राहिली, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत येणारी अशी माझ्याकडे एवढी एकच गोष्ट होती.

बाईंकडे दुसरा उन्हाळा लागला तेव्हा एक दिवस कारखान्यात मोसंबीची सालं फेकताना मला आठवेना की साल आधी टाकायची की कुटलेले धने. कितीतरी वेळ उभा राहिलो. शेवटी आठवलं, पण मनात धास्ती बसली. ठरवलं, एकदा करून बघायची, दहा लिटर, विसरायच्या आत. घरी बीअर बनवणं कायद्यात बसत नाही हे मला ठाऊक होतं. बाईंचं तर त्याहून जास्त ठाऊक होतं. पण बाई वैशाखात पंधरा दिवस लेकीकडे लातूरला जातात. तेवढ्यात करायची, बाटल्या कारखान्यातल्या एकाकडे न्यायच्या, खोली धुऊन टाकायची. असं सगळं मी आखलं होतं. आज ते लिहितानाही बरं वाटत नाही. ज्या घरानं मला ठेवून घेतलं, तिथंच मी हे आखत होतो.

वस्तादांना फोन केला तर त्यांनी कुरिअरनं मोड आणून वाळवलेला सातू, हॉप्सची कडवट फुलं आणि यीस्टची पुडी पाठवली. गहू मात्र म्हणाले, तिकडेच घे आणि तूच मोड आण. गव्हाला मोड आले की दाण्यातला पिठूळपणा साखरेकडे वळायला लागतो, आणि बीअर त्या साखरेवर उभी राहते. रात्रभर भिजवायचे, सकाळी निथळायचे, मग ओल्या पोत्याखाली तीन दिवस, आणि पुढं उन्हात खडखडीत वाळवायचे. पुण्यात वाळवायला गरम हवेचं यंत्र लागायचं. इथं गच्ची होती.

बाई जायला अजून दहा दिवस होते. गव्हात काही दारू नाही, म्हणून आधी गहू करून ठेवावेत असा विचार केला आणि एका संध्याकाळी तीन किलो गहू टबात भिजवून गच्चीवर ठेवले. बाई वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला वर आल्या.

"कुरडयाला भिजवायलास का रे?"

चैत्रात या भागात गच्चीवर भिजलेला गहू दिसला तर त्याचा दुसरा अर्थच होत नाही. मी म्हणालो, हो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण भ्यायलेला माणूस जास्त बोलतो. मी पुढं म्हणालो, "आईला पाठवायच्यात."

बाईंनी मिरच्यांचं टोपलं खाली ठेवलं आणि टबात हात घालून मूठभर गहू वर काढले. "चांगलाय गहू," म्हणाल्या. "पाणी रोज बदलावं लागतंय बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गहू निथळले, पोत्याखाली पसरले आणि कामाला गेलो. संध्याकाळी आलो तर पोतं धुऊन दोरीवर वाळत घातलेलं, आणि गहू परत टबात, पाण्याखाली.

"अरे, थेंबभर पाणी न्हवतं त्यात," बाई जिन्यातूनच म्हणाल्या. "ह्या उन्हात वाळून खडखडीत झाले असते. बरं झालं मी बघितलं."

तेव्हा सांगता आलं असतं. मी "बरं झालं" म्हणालो. सकाळी पुन्हा निथळले, संध्याकाळी पुन्हा बुडालेले सापडले. असं तीन दिवस चाललं. मी काढायचो, त्या भरायच्या. मोड यायला दाण्याला हवा लागते, पाण्याखाली तो गुदमरतो. तिसऱ्या संध्याकाळी दाणा बोटात धरला तर फुटून दूध आलं आणि आंबूस वास सुटला. तो वास मी ओळखतो. पुण्यात तो आला की सगळा घाणा गटारात ओतायचो. बाईंनी माझ्या शेजारी वाकून तोच वास घेतला आणि समाधानानं म्हणाल्या, "आता झाले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मिक्सरमधून काढले, पिळले, आणि चीक खाली बसायला ठेवला. त्याच्या पुढचा दिवस माझ्या सुट्टीचा होता. सकाळी सात वाजता शेजारच्या काकू सोऱ्या घेऊन हजर. काकूंचं शेत आहे, त्यांना सगळ्या गोष्टींची घाई असते.

"हे व्हय समुद्राकडचं लेकरू? चल, घाट. बायांचे हात दुखायलेत."

पातेल्यात पाणी उकळत होतं. बाई चीक ओतत होत्या आणि मी घाटत होतो. गरम पाण्यात गव्हाचं पीठ घाटणं हे सहा वर्षांचं काम. हात आपोआप तळापर्यंत जात होता. एक गुठळी झाली नाही.

"हात चांगलाय रे तुझा," बाई म्हणाल्या.

"आईनं शिकवलेलं दिसतंय," काकू म्हणाल्या. "काय रे, तुमच्याकडं बी कुरडया खात्यात का नुसते मासेच?"

"तांदळाच्या फेण्या करतात," मी म्हणालो.

"मंग आईला आमच्या कुरडया कशा माहीत?"

मी घाटत राहिलो. आईनं कुरडई कधी पाहिलीही नसेल. गच्चीवर जुनं लुगडं अंथरलं होतं. बाई सोऱ्या फिरवत होत्या, काकू वाटीत गरम चीक घेऊन तेल घालून खात होत्या, मलाही दिला. नीट गोल कुरडया बाई डाव्या बाजूला घालत होत्या. सोऱ्यात शेवटी उरलेल्या चिकाच्या वाकड्यातिकड्या उजव्या बाजूला. मी विचारलं, असं का.

"ह्या डावीकडच्या तुझ्या आईच्या. मोडक्या आपल्याला."

डावीकडे तीस-बत्तीस झाल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, हे गहू कुरडयाचे नव्हते."

"मंग काय मोड आणून उसळ करणार होतास?" काकू म्हणाल्या.

"बीअर करणार होतो."

काकू हसल्या. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि वाटीत पाहायला लागल्या. बाईंनी सोऱ्या शेवटपर्यंत रिकामा केला. हात पुसले. मला म्हणाल्या, "खाली ये."

जिना उतरताना मी सामानाचा विचार करत होतो. एक बॅग, एक गादी. गादी एसटीत घेतात की नाही, ते मला आठवत नव्हतं.

बाई खुर्चीत बसल्या. मी उभा. त्या म्हणाल्या, "सांग. कशी करतात. पहिल्यापासून." तोंडी परीक्षेला उभं केल्यासारखं मी सांगत गेलो. मोड, वाळवण, भरड, कोमट नाही आणि कढत नाही अशा पाण्यात तासभर मुरवणं, गाळणं, उकळणं, फुलं, धने, साल, थंड करणं, यीस्ट, पंधरा दिवस. लातूरला त्या गेल्यावर करणार होतो हेही सांगितलं. कुठंही अडलो नाही. मला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

"पाचवं शील तू मोडलं न्हाईस," त्या म्हणाल्या. "मोडणार होतास, ते येगळं. मोडलंस ते चौथं. खोटं बोलायचं न्हाई हे चौथं. आन् बोललास ते बी आईच्या नावानं. तीन दिवस मी त्या बाईसाठी पाणी बदलत व्हते."

खोली सोडतो, असं म्हणालो.

"तुला कुणी जा म्हणलं का?" बाई म्हणाल्या. वर काकूंच्या चालण्याचा आवाज येत होता. "मला एक सांग. दारू त्यात नेमकी कोणत्या पायरीला होती?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. "यीस्ट टाकल्यावर."

"त्याच्या आधी काय असतंय?"

"गोड पाणी. जरासं कडवट. सालीच्या वासाचं."

"मंग तिथवर कर. त्याच्या पुढं माझ्या घरात न्हाई. आन् आईला फोन लाव, कुरडया यायल्यात म्हणून सांग. तळायच्या कशा ते मी सांगते तिला."

त्यांनी खरंच सांगितलं. आई फोनवर मालवणीत बोलत होती आणि बाई त्यांच्या बोलीत. तेल किती तापवायचं यावर दोघी दहा मिनिटं बोलल्या. नंतर आईनं मला विचारलं, तूच केल्यास काय. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या बाईच्या पाया पड.

यीस्टची पुडी मी वस्तादांना परत पाठवली. गहू पुन्हा तीन किलो आणले. या वेळी बाई दिवसातून दोनदा वर यायच्या, पोत्याची कड उचलून पाहायच्या आणि फक्त विचारायच्या, "पाणी?" मी म्हणायचो, "नको, बाई." त्यांना ते जड जात होतं, दिसत होतं. दाण्याएवढा मोड आल्यावर दोन दिवसांच्या उन्हात गहू वाळले.

सातू आणि गहू भरडून मोठ्या पातेल्यात मुरवले. बाईंनी मांडीवर घड्याळ ठेवून तासभर वेळ पाहिली. त्यांच्याच जुन्या पांढऱ्या लुगड्यातून गाळलं. रस उकळताना हॉप्सची फुलं आणि मग कुटलेले धने टाकले आणि अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी, पांढरा भाग न येऊ देता सोललेली मोसंबीची साल. कशानंतर काय, ते मला आठवावं लागलं नाही. सगळं नवीन माठात ओतलं, माठाला ओलं पोतं गुंडाळलं. चार वाजेपर्यंत गार झालं.

बाईंनी झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "आता आठवडाभर पुरंल."

इथं मला गप्प राहता आलं असतं. नुसतं माठात राहिलं असतं तर त्यांना कळलंही नसतं. "नाही, बाई," मी म्हणालो. "हे आजच संपवावं लागेल. ह्या उकाड्यात उद्यापर्यंत ते आपोआप आंबायला लागेल. यीस्ट हवेतही असतं. मी काही न टाकताही ते त्याच वाटेला लागणार."

त्या माठाकडे पाहत राहिल्या. "असं हाय का," म्हणाल्या. मग आतून घरातले सगळे पेले आणले, कपाटातले काचेचे सुद्धा, आणि दारात जाऊन काकूंना हाक मारली. पाठोपाठ गल्लीतल्या आणखी चार घरांना. ऊन उतरायच्या आत ओसरीवर दहा-बारा माणसं जमली.

काकूंनी पेला नाकाजवळ नेला. "काय पाजायलात बाई आमाला?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"बीअरचं पाणी आहे, काकू," मी म्हणालो. "बीअर व्हायच्या आधीचं. दारू नाही त्यात, पण उद्या झाली असती."

काकूंनी एक घोट घेतला, जरा थांबून दुसरा घेतला. "गोड हाय. पण कायतरी राहिल्यासारखं लागायलंय."

"राहिलंय," मी म्हणालो.

बाई पुढचा पेला भरत होत्या.