आईच्या पुडीतला ठिपका

प्रयोगशाळेत सगळे त्याला मिलीग्रॅम म्हणत. सव्वीस वर्षं तो सूज उतरवणारी औषधं तोलत आला होता. काही पाल्यातून काढलेली, काही तिथंच बनवलेली. उंदराच्या पायाची सूज मोजायची आणि बहुतेक वेळा वहीत ‘फरक नाही’ असं लिहायचं. डोंगर पोखरून उंदीर काढतो, तोही सुजक्या पायाचा, असं तोच हसत सांगायचा. घरी आईचे गुडघे सुजून टम्म. तिथं मात्र त्याला हसू येत नसे.

मग कुणीतरी आईला झाडपाल्याची पूड आणून दिली आणि महिन्याभरात म्हातारी जिना चढून गच्चीवर कपडे वाळत घालू लागली! तो हरखून गेला. दोन वर्षांत तिचा चेहरा गोल झाला, तर हा शहाणा म्हणतो, आईनं बाळसं धरलंय.

नव्या पाल्याशी ताडून बघायला एखादं गुणकारी औषध हवं, असं वरिष्ठ बाई म्हणाल्या, तेव्हा तो फुशारकीनं तीच पुडी घेऊन गेला. काचेच्या पट्टीवर औषधांचे ठिपके वर चढतात. उंची एकच असेल तर बहुधा औषधही एकच. पुडीचा ठिपका सूज झटकन उतरवणाऱ्या स्टिरॉइडच्या ठिपक्याशेजारी, त्याच उंचीवर जाऊन बसला. त्यानं तीनदा करून पाहिलं. मग मोठ्या यंत्रावर घातलं. तेच.

“कुणाची पुडी?” बाईंनी विचारलं.

“बाजारातली,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी आईला तपासलं. चेहऱ्यावरचं बाळसं स्टिरॉइडचंच होतं, हाडं ठिसूळ झाली होती, आणि औषध एकदम तोडलं तर जिवावर बेतलं असतं. म्हणून पुडीऐवजी मोजक्या गोळ्या, त्याही हळूहळू कमी करायच्या. गोळ्या तोच द्यायचा. आधी आईची गच्ची सुटली, मग जिना, मग न्हाणीघराचा उंबरठा.

“पुडी दे रे.”

“आई, त्यात स्टिरॉइड आहे. हाडं खातं ते.”

“खाऊ दे. चालत होते ना मी? माझे पाय तू काढून घेतलेस.”

त्यानं त्या दिवसाची गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

“बरं, पुडी नको. तुमच्याकडे एवढ्या बाटल्या आहेत म्हणतोस. माझ्यासाठी एकही नाही?”

“नाही, आई.”

तिनं ऐकून घेतलं, आणि न्हाणीघरात न्यायला दोन्ही हात वर केले.