समोरच्या रांगेतली शेगडी

आमच्या ओट्याखाली एक सिलिंडर चालू असतो आणि एक भरलेला. दुसरा सिलिंडर मिळवण्यासाठी मी नव्या संसारात गॅस एजन्सीच्या किती फेऱ्या मारल्या होत्या, ते मलाच माहीत. त्यामुळे बाळकुमच्या खाद्यजत्रेची यादी केली, तेव्हा 'सिलिंडर' या शब्दापुढे मी सगळ्यात आधी बरोबरची खूण केली. बाकी सगळ्यासाठी धावाधाव करायची होती, ही एक गोष्ट घरातच होती.

जत्रा तीन दिवसांची होती आणि गाळा घ्यायची आमची पहिलीच वेळ. थालीपिठं विकायची होती. भाजणी मी बरीच वर्षं घरून विकत होते, पण गाळा घ्यायचं खरं कारण भाजणी नव्हतं. नवऱ्याची कंपनी बंद झाल्याला दीड वर्ष झालं होतं. पहिले काही महिने तो रोज अर्ज करायचा. मग ते थांबलं. मग सकाळचं फिरणं थांबलं, कोपर स्टेशनजवळून भाजी आणणं थांबलं. शेजाऱ्यांनी "सध्या काय करता?" विचारू नये म्हणून तो लिफ्ट रिकामी असेल तेव्हाच खाली जायचा. गाळ्याला तो हो म्हणाला तेही माझं मन राखायला. हे तीन दिवस नीट पार पडले तर तो पुन्हा बाहेर पडेल, असा माझा हिशेब होता. नाही पडले, तर पुढच्या खेपेला त्याला कसं उठवायचं, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

म्हणून कागदांत मी काही कसर ठेवली नाही. अन्न नोंदणीचा ऑनलाइन अर्ज केला, तो परत आला, कारण व्यवसायाच्या प्रकारात मी हॉटेल निवडलं होतं. कार्यालयात फोन केला तर एक बाई म्हणाल्या, "ताई, तुमचं हॉटेल आहे का? नाही ना? मग कशाला मोठ्या होताय? खालून तिसरा पर्याय बघा." माझं होईपर्यंत त्या फोनवर थांबल्या. एवढ्या फोनांच्या गर्दीत कोण थांबतं? दोघांची डॉक्टरी तपासणी झाली, प्रमाणपत्रं आली. आयोजकांचं पत्र, गाळ्याचा नंबर, ओळखपत्रं, सगळं एका निळ्या फाइलमध्ये, वर अनुक्रमणिका. नोंदणीचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून त्याला टांगायला दोरीसुद्धा लावली. पहिल्या दिवशी संकष्टी होती, ते कॅलेंडरमध्ये पाहून त्या दिवसापुरती उपासाची भाजणी जास्त केली.

सकाळी अकराला आम्ही टेम्पोतून सामान उतरवलं. मैदानावर दोन रांगा होत्या. आमची शाकाहारी, आणि मधली वाट सोडून समोरची मांसाहारी. आमच्या बरोबर समोर एक साठीच्या पुढच्या बाई बसल्या होत्या. बाळकुमच्याच, जुन्या गावातल्या. त्यांच्या पाटीवर तांदळाची भाकरी, सुकट, बोंबील असं लिहिलं होतं, पण पाटीवर अर्धा टॉवेल टाकून त्यांनी फक्त भाकरी उघडी ठेवली होती.

"मावशी, मासळी नाही आज?" मी विचारलं.

"आज चतुर्थी नाय का? माजा उपास. मासली उद्यापासना. आज नुसती भाकर न वालाची भाजी."

बाराच्या सुमारास अग्निशमन दलाचे साहेब आले. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती उघडली, पहिलं पान पाहिलं, मान डोलावली आणि टेबलाखाली वाकले.

"ताई, हा घरगुती सिलिंडर आहे."

"हो. नवीन आहे. सीलसुद्धा फोडलं नाही."

"घरगुती गॅस धंद्याला चालत नाही. धंद्याचा वेगळा असतो, वेगळ्या कनेक्शनवर. हा उचला इथून."

मी अनुक्रमणिका पुन्हा वाचली. कशाला, ते माहीत नाही. सगळं होतं तिच्यात.

"चारला माझी परत फेरी आहे," साहेब म्हणाले. "तोवर सोय झाली तर सही करतो. नाहीतर गाळा बंद ठेवावा लागेल." आवाज चढा नव्हता. त्याने मला जास्तच वाईट वाटलं.

मी दोन एजन्सींना फोन केले. दोघांनीही नव्या कनेक्शनला कागद आणि दोन-तीन दिवस सांगितले. फोन ठेवून वळले तर नवरा टेबलावरचं कापड घडी करत होता. चार कोपरे जुळवून, शांतपणे.

"चल, आवरू या," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं."

त्या दीड वर्षात त्याच्या तोंडून मी हे वाक्य पुष्कळदा ऐकलं होतं. मी काही बोलायच्या आत समोरून हाक आली.

"ओ बाय! यवरं कागद आनलंस, न गॅसचा बाटला घरचा?" मावशींनी सगळं ऐकलं होतं. "माजे गाल्यान दोन बाटले हान. आज एकच पेटल. दुसरा घेवन जा."

साहेब अजून शेजारच्या गाळ्यावर होते. मी धावत जाऊन विचारलं. ते म्हणाले, "बाटल्याची नोंद मावशींच्या गाळ्यावर आहे. तो तिथून हलणार नाही."

"बाटला नाय हलत, तर बाय हलंल," मावशी म्हणाल्या. "साहेब, माजे शेगडीवर हिनं थापलं तर तुमचं काय जातं?"

साहेबांनी थोडा विचार केला. "शेगडी तुमची, गाळा तुमचा, तर माझं काही जात नाही. आयोजकांना विचारा, आणि ताईंचं नोंदणीपत्र तिथेही लावा."

आयोजक बाईंनी कपाळाला हात लावला, मग नकाशावर दोन गाळ्यांमध्ये पेनाने एक रेघ ओढली आणि सही केली. दोरी लावलेलं प्रमाणपत्र मी मावशींच्या प्रमाणपत्राशेजारी टांगलं. आमच्या गाळ्यावर झेरॉक्स. चारला साहेबांची सही झाली.

आता प्रश्न उरला तो उपासवाल्या गिऱ्हाइकांचा. पाटी शाकाहारी रांगेत, तवा मांसाहारी रांगेत. तवा, परात, कालथा माझेच होते, पण ते लोकांना कसं कळणार? पाच वाजता पहिल्याच बाईंनी विचारलं, "हे थालीपीठ मच्छीच्या गाळ्यावरून येतंय का हो?"

मी समोरच्या रांगेत पिठात हात घालून बसले होते. आमच्या गाळ्यावर नवरा एकटा. त्याने पुन्हा टेबलावरच्या कापडाच्या कोपऱ्याला हात घातला. मला वाटलं, झालं.

मावशींनीच वाटेपलीकडून उत्तर दिलं. "ए बाय, माजा पन उपास हाय! सकालपासना पानी न च्या, बस. आज या गाल्यान मासलीचा वास तरी येतंय का बघ!"

बाई खरंच वाट ओलांडून आल्या, वास घेतला आणि हसल्या. "दोन द्या," म्हणाल्या.

त्यानंतर नवरा मधल्या वाटेवरून फेऱ्या मारायला लागला. झाकलेली ताटली घेऊन तिकडे, रिकामी ताटली घेऊन इकडे. पहिल्या चार-पाच फेऱ्यांना खाली मान घालून. मग कधीतरी गर्दीतून वाट मिळेना म्हणून तो ओरडला, "सरका, सरका, गरम आहे!" पुढच्या वेळी, "उपासाचं, उपासाचं! तवा आमचा, शेगडी मावशींची!" लोक हसले. एका आजोबांनी विचारलं, "तुम्ही काय करता हो एरवी?" माझा हात तव्यावरच थांबला.

"हेच," नवरा म्हणाला आणि पुढचं ताट घेऊन गेला.

संध्याकाळच्या फेरीत साहेबांनी सांगितलं की गाळ्याच्या वीजजोडणीवर इंडक्शन शेगडी चालते, आयोजकांच्या इलेक्ट्रिशियनकडून भार लिहून घ्यायचा. उरलेले दोन दिवस आम्ही इंडक्शनवरच काढले, कारण दुसऱ्या दिवसापासून मावशींना दोन्ही शेगड्या लागणार होत्या. धंद्याचं कनेक्शन महिन्याभरात घेतलं. त्या साहेबांनी सिलिंडरकडे काणाडोळा केला असता, तर आम्ही आजही घरचाच सिलिंडर घेऊन फिरत असतो, आणि एखाद्या दिवशी फार वाईट धडा शिकलो असतो. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, म्हणून इथे मानते. फोनवरच्या त्या बाईंचेही.

मावशींचे उपकार मात्र त्याच दिवशी फिटले, थोडेफार. साडेआठ झाले तरी त्या उपाशीच होत्या. चंद्र पाहिल्याशिवाय जेवायचं नाही, आणि मैदानाच्या चारही बाजूंनी टॉवर.

"पयलं खाडीवरना दिसायचा," त्या म्हणाल्या. "आता कालनिर्नयावर भरवसा. टाइम झाला का खायचं."

मी कॅलेंडरातली वेळ सांगणार होते, मला पाठ होती. पण नवरा हातातलं ताट माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "थांबा मावशी, बघून येतो." आणि मैदानाच्या फाटकातून एकटा रस्त्यावर गेला.

मी दोन थालीपिठं उलटली. मावशींनी आपल्यासाठी ताट वाढून घेतलं, त्यावर पदर धरला आणि फाटकाकडे बघत बसल्या. पंधरा-वीस मिनिटांनी तो धापा टाकत परत आला, फाटकातूनच हात वर करून, सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असा ओरडत.

"दिसला! मावशी, दिसला! या, मी दाखवतो!"