पास्कलच्या हातातला मीटर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. पास्कल ज्या ज्या घरी रेडिएशन मोजायला गेला, तिथे तो पोहोचण्याआधी मी कंट्रोल रूमला फोन करून जवळच्या टॉवरची पॉवर कमी करायला सांगायचो. मोजून झालं की पुन्हा वाढवायला सांगायचो. पास्कलला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या गावाला मात्र आजही वाटतं, की त्याला सगळं माहीत होतं.

आमची कंपनी मोबाइल टॉवरवाल्यांची कामं घ्यायची. मीरा रोडला तेव्हा इमारतीमागून इमारत उठत होती आणि गच्च्यांवर अँटेना. कुणी तक्रार केली की आम्ही दोघं जायचो. मी सुपरवायझर, तो टेक्निशियन. पास्कल भाईंदरजवळच्या उत्तन गावचा. घरचा धंदा मासळीचा, पण याला बोट लागायची, म्हणून आयटीआय करून आमच्याकडे आला. "दर्या मला ओकायला लावतो, सर. टॉवर न्हाय लावत," असं स्वतःच सांगून हसायचा.

त्याची मोजायची एक रीत होती. दारातच स्वतःचा मोबाइल बंद करायचा आणि घरातले सगळे बंद करायला लावायचा. "आधी घरातला चोर बाहेर काढा, मंग पोलिसाला आत घ्या." मग हात लांब करून, पोट आत घेऊन मीटर अंगापासून दूर धरायचा, कारण माणूस जवळ आला की आकडा हलतो. नुसतं खिडकीपाशी मोजून तो कधी निघाला नाही. "पोरगा झोपतो कुठे? आजी बसते कुठे?" असं विचारून तिथे जाऊन उभा राहायचा.

आणि आकडा स्वतः वाचायचा नाही. पूनम सागर सोसायटीत एक गुजराती बाई चष्मा शोधत राहिल्या, तर हा हात तसाच धरून उभा. मी म्हटलं, "अरे, सांगून टाक ना."

"न्हाय, सर. मी वाचला तर कंपनीचा आकडा. त्यांनी वाचला तर त्यांचा."

बाईंनी वाचला, मी शेजारी धरलेला सरकारी मर्यादेचा तक्ता पाहिला, आणि म्हणाल्या, "चलो भैया, अब नींद आएगी." जिना उतरताना पास्कल खूश होता. "डाक्टर पण एवढ्या स्वस्तात झोप देत न्हाय, सर." मी मुद्दाम एक मजला मागे राहिलो होतो. पॉवर वाढवायचा फोन तेवढ्यात करून टाकला. मला काही वाटलं नाही. पहिल्यांदा साहेब म्हणाले, रिपोर्ट साफ पाहिजे, म्हणून केलं होतं. पुढे ते जेवल्यावर हात धुण्यासारखं झालं.

मग उत्तनलाच टॉवर लागला. लोक बिथरले. पास्कल स्वतः मध्ये पडला. "मी मोजतो, मंग बोला." बांबूंवर बोंबील वाळत होते, तिथे बायका दिवसभर बसतात म्हणून त्याने तिथेच मोजलं. तिसऱ्या खेपेला आकडा वाचायला त्याने रेजिना मावशीला पुढे केलं. ही त्याच्या आईची बहीण, जिभेची तिखट. तिने वाचला आणि म्हणाली, "ठीक हाय. पर तुझा मशीन आला का वाडीतले सगळे फोन मरतात रे. तू गेलास का जित्ते होतात."

दुसरी एकजण म्हणाली, "फोन पण घाबरतात त्याला!" सगळ्या हसल्या. पास्कलही हसला. बाइकवर मात्र त्याने मला विचारलं, "सर, असं का होतं?"

"दुपारी नेटवर्कवर लोड असतो," मी म्हटलं. पुढच्या खेपेला त्याने मावशीला तेच सांगितलं. "दुपारचा लोड, मावशी. आमचे सर बोलले."

मावशीला ते पटलं नव्हतं. त्यानंतर आम्ही गेलो तेव्हा तिने, जिथे पास्कल फोन बंद करायला लावत नसे अशा लांबच्या घरांतल्या बायकांना फोन हातात धरून बसवलं होतं. आम्ही वाडीत शिरण्याआधी फोनवरच्या रेंजच्या काड्या गळाल्या. मोजून, सामान आवरून आम्ही नाक्यावर पोहोचलो, तशा भरल्या. पास्कलला तिने हाक मारून परत बोलावलं.

"टावर निजवून मोजतोस? आपल्याच माणसांना?"

पास्कलने माझ्याकडे पाहिलं. मी मीटरच्या पिशवीची चेन लावत होतो. ती लागलेलीच होती.

"न्हाय, मावशी. मी न्हाय," तो म्हणाला. मग बाइककडे वळला.

वाटेत त्याने बाइक थांबवली. "सर, तुम्ही करत होता?"

"वरून ऑर्डर होती."

"मंग खरा आकडा किती?"

मला माहीत नव्हतं. पूर्ण पॉवरवर आम्ही कधी मोजलंच नव्हतं. कदाचित तो मर्यादेतच असेल. तेही मला माहीत नाही.

त्याने बाइक पुन्हा सुरू केली. मग म्हणाला, "तुमची पोरं लहान हायत. नोकरी जाईल. तुमचं नाव मी घेत न्हाय. माझा गाव हाय, मी बघतो." आठवड्याभरात त्याने काम सोडलं. माझी नोकरी राहिली. बढतीही मिळाली.

गावाने त्याच्याशी बोलणं तोडलं नाही. फक्त त्याला काही विचारणं बंद केलं. भाईंदर स्टेशनबाहेर एकदा भेटला तेव्हा हसत म्हणाला, "आता आमच्याकडे बोलतात, पास्कलने सांगितला तर अर्धाच धरा." मी पण हसलो.

काही वर्षांनी तो काविळीने गेला. मी अंत्यविधीला गेलो, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. पुढच्या बाकावर कुणीतरी हळूच म्हणालं, "पोरगा चांगला होता. कंपनीने फितवला." मान थोडी पुढे करून खरं सांगितलं असतं तरी त्या माणसाला ऐकू गेलं असतं. मी प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसलो. बाहेर रेजिना मावशी उभी होती. मला तिने ओळखलं, "चा घेऊन जा," म्हणाली. मी चहा घेतला आणि निघालो.

मावशी अजून आहे. तिच्यासमोर उभं राहून, टॉवर मी निजवत होतो आणि पास्कलला ते ठाऊक नव्हतं, एवढं मी माझ्या तोंडाने सांगायला हवं. एवढं त्याचं देणं मी लागतो. अजून दिलेलं नाही.