न संपणारे खिळे

कानसराव, तुमच्या समोरच्या घरातून तुम्हाला पत्र लिहायला बसले खरी, पण तुमचीच गोष्ट तुम्हाला काय सांगायची? शिवाय वाचायचा तुम्हाला कंटाळा. तेव्हा इतरांनाच सांगते.

या चावीवाल्याला गल्लीत सगळे कानसराव म्हणत, कारण त्याचं बोलणंही खरखरीत. चाळीस वर्षं उभं राहून पायांचे ओंडके झालेले, बोटांत पितळेचा चुरा मुरलेला. चाव्या तो कधी मोजत नसे. दुकान बंद करताना भिंतीकडे बघायचं, प्रत्येक खिळ्याला चावी आहे ना? झालं. एकुलती एक लेक दुकान सांभाळेल आणि आपण एकदाचे खाली बसू, एवढीच त्याची आस. आणि लेकीने पुढ्यात ठेवला परगावी गणित शिकायला जायचा अर्ज. शुक्रवारपर्यंत वडिलांची सही हवी.

"आकडे शिकायला इतक्या लांब?"

"आकडे नाहीत, अनंत. तेही लहानमोठे असतात, बाबा."

"काहीतरीच! न संपणारं ते न संपणारं. त्यात थोरलं-धाकटं कसलं?"

"तुम्ही रोज बघता तसंच बघू. खिळे न संपणारे धरा, प्रत्येकावर एक चावी. चावीच्या खाचाही न संपणाऱ्या, खोल नाहीतर उथळ. आता मी एक चावी कापते. पहिल्या चावीची पहिली खाच खोल, तर माझी पहिली उथळ. दुसरीची दुसरी उथळ, तर माझी दुसरी खोल. असंच पुढे. सांगा, माझी चावी कुठल्या खिळ्यावर आहे?"

"असेल शंभराव्यावर."

"शंभरावीशी तिचं शंभराव्या खाचेत वाकडं आहे."

"मग नवा खिळा ठोकतो."

"ठोका. मी आणखी एक कापते."

त्याने कानस खाली ठेवली. गिऱ्हाईक आलं, तोंड वाजवून गेलं. तो भिंतीकडेच बघत होता.

"म्हणजे खिळे संपत नाहीत, तरी पुरत नाहीत?"

"हेच! हेच शिकायचंय मला."

रागवायला हवं होतं, पण तेवढं त्राण कुठलं! आणि तिचा फुललेला चेहरा बघून त्याला कळून चुकलं, ही इथे बसली तर मन मारून बसेल. काळ्या अंगठ्याने कागद दाबून त्याने सही ठोकली. "जा. मी आणतो एक स्टूल."

निघताना ती म्हणाली, "बाबा, घराची एक चावी मला करून द्या."

"देतो. गिऱ्हाइकांचं उरकू दे आधी."

याला अकरा वर्षं झाली. ती सुट्टीत येते, आणि दार वाजवून उभी राहते.